पेटी चहात बुडवू नये

भट्टी किती तापलीय हे बघायला उस्ताद आपला हात आत घालायचा. उजवा, उघडा, कोपरापर्यंत. दुसरे बेकरीवाले मैद्याची चिमूट टाकतात आणि ती कशी करपते त्यावरून ओळखतात. ह्याला ते मान्य नव्हतं. "मैद्याला काय इचारायचं? त्यो काय खरं सांगतोय व्हय," म्हणायचा आणि हात घालायचा. त्यामुळं त्याच्या उजव्या हाताला एक केस नव्हता आणि डावा हात अस्वलासारखा. भर मे महिन्यात भट्टीसमोर लोकरीची कानटोपी घालून उभा असायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "डोकं थंड पडलं की पाव फुगत न्हाय." पाव फुगायचा, एवढं खरं.

त्याची बेकरी रस्त्याच्या त्या अंगाला आणि माझं चहाचं हॉटेल ह्या अंगाला. मधनं एसटी जायची, म्हशी जायच्या आणि बऱ्याचदा आम्हा दोघांच्या शिव्या जायच्या. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. लिहायची हौस म्हणून लिहीत नाही. त्याच्याविषयी हल्ली लोक काहीबाही सांगतात, त्यातलं अर्धं खोटं असतं आणि खोटं मला खपत नाही, म्हणून लिहितोय.

तर पेटी. कोल्हापुरात पाव, खारी, टोस्ट, नानकटाई सगळ्याच बेकऱ्यांत मिळायची. पेटी फक्त उस्तादकडं. मैद्याच्या घड्या घालून पातळ पोळी लाटायची, ती साच्यात बसवायची, आत फळ भरायचं, वरनं दुसऱ्या पोळीचं झाकण घालायचं, कडा चिमटायच्या आणि भट्टीत भाजायची. आत काय तर जे मोसमाला असेल ते. उन्हाळ्यात कैरी, नाहीतर राधानगरीकडच्या बायका पानाच्या द्रोणात घेऊन यायच्या ती करवंदं. पावसात अननस, थंडीला पेरू. साखर नाही, गूळ. वेलदोडा तर त्याच्या बेकरीत येऊच द्यायचा नाही. "येलदोडा घातला की समदं लगनातलं लागतंय," म्हणायचा. गुळाचा पाक सुटून बूड ओलं होतं म्हणून फळाखाली टोस्टचा चुरा पसरायचा. तो चुरा सगळा रस पिऊन घ्यायचा आणि बूड कडकच्या कडक.

ही पेटी त्याच्याकडं आली ती बापाकडनं. बाप खानसामा होता, एका परदेशी डॉक्टरीणबाईच्या बंगल्यावर. बाईला तिच्या देशातल्या सफरचंदाच्या पेटीची आठवण यायची. आपल्याकडं त्या काळात सफरचंद म्हणजे आजाऱ्याच्या उशाला ठेवायची वस्तू. मग बाईनं पेरू घेतला, म्हशीचं लोणी घेतलं आणि एकदा साखर मिळंना तेव्हा गूळ घेतला. पुढं साखर मिळायला लागली तरी गूळ सोडला नाही. बाईच्या भाषेत त्याला 'पाय' असं नाव होतं, पण ते उस्तादनं टाकून दिलं. "ते नाव घेतलं की आपली माणसं मटणाचा पाया आलाय का म्हून इचारत्यात."

पेटी हे नाव का, ते तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाइकाला घाई असो, पोटात कळ असो, ऐकल्याशिवाय सुटका नाही.

"पूर्वीच्या काळात बाईच्या मुलखात ही खरंच पेटी हुती," असं सुरू व्हायचं. "पिठाची, पर जाड, लाकडागत. आत मटण नायतर फळ घालून भाजायचं. पेटी झाकल्याली असली की आतला माल टिकतोय. परवासाला न्यायचा, पेटी फोडायची, आतलं खायाचं आन पेटी द्यायची टाकून. नायतर दारात उभ्या असल्याल्या गरिबाला. मग एक दिस कुणाच्या तरी डोक्यात आलं, ह्यात जरा लोणी घालून बघू. घातलं. आन त्या दिवशी माणसानं पेटीसकट खाल्लं! कळलं का पावणं? आदी भांडं हुतं, मग खाणं झालं."

पाव न्यायला आलेला माणूस म्हणायचा, "कळलं. पाव देतासा का?"

आत कुठलं फळ आहे हे मात्र तो सांगायचा नाही. वाफ जायला झाकणावर सुरीनं चिरा पाडाव्या लागतात. त्यानं फळागणिक चिरा ठरवल्या होत्या. पेरूला तीन रेघा, कैरीला फुली, अननसाला चांदणी. कुणी विचारलं की म्हणायचा, "झाकान वाच." शाळेनं मला फार वाचायला शिकवलं नाही, पण झाकण मी लांबनं वाचत होतो.

आणि गरम पेटी विकायची नाही. भट्टीतनं काढली की फळीवर गप ठेवायची. लोक वासानं वेडे होऊन उभे, आणि हा हाताची घडी घालून पेट्यांपुढं उभा. "थांबा. आत फळ अजून हलायलंय." थंड नाही, गरम नाही, अशी झाली की मगच हात लावू द्यायचा. मी चहावाला, मला गोडाचं फार कौतुक नाही, तरी सांगतो. कड मोडली की आधी पापुद्रे गळायचे, मग पेरवाचा आणि काळ्या गुळाचा वास नाकात जायचा. दाताखाली एकदम कुरकुरीत, लगेच मऊ, आणि शेवटी सुंठेचा एक चटका. त्या पहिल्या घासाला माणूस बोलायचं बंद करायचा. कोल्हापुरात माणसाला गप करणं सोपं काम नाही.

पण खपत नव्हती. पाव संपायचा, खारी संपायची आणि पेट्यांचा ट्रे निम्मा राहायचा. ह्याचं कारण मी, असं उस्तादचं मत होतं.

आपल्या माणसाला बेकरीतली कुठलीही वस्तू दिली की ती तो चहात बुडवतो. माझा चहा घट्ट, बशी खोलगट, बाकडी रस्त्याकडेला. गिऱ्हाईक तिकडनं पेटी घ्यायचं, इकडं येऊन चहा मागायचं आणि बुडवायचं. खारी बुडते ती ठीक. पेटी बुडवली की झाकण सुटायचं, फळ तळाला जायचं आणि हातात नुसता ओला कागद राहायचा. मग ते गिऱ्हाईक म्हणायचं, "ह्यात काय दम न्हाय," आणि पुन्हा पेटीच्या वाटेला जायचं नाही.

एकदा गडहिंग्लजच्या गाडीचा ड्रायव्हर माझ्या बाकड्यावर बसून असाच बुडवत होता. उस्ताद रस्ता ओलांडून आला, हात पिठानं भरलेले.

"पावणं, काय चाललंय?"

"दिसत न्हाय? बुडवतोय."

"ती खारी न्हवं."

"मग काय हाय?"

"पेटी हाय. पान्यात सोडायची होडी न्हवं."

ड्रायव्हर काय कमी होता? म्हणाला, "पैसं माझं, दात माझं, कप ह्या मालकाचा. तुमचं काय हाय ह्यात?"

उस्ताद म्हणाला, "माझी रात हाय ह्यात."

ड्रायव्हरनं हातातल्या तुकड्याकडं बघितलं. मग त्यानं राहिलेला तुकडा बुडवलाच. मी हसलो. माझ्या हॉटेलात माझं गिऱ्हाईक, मी हसणार नाही तर काय करणार?

दुसऱ्या दिवशी बेकरीवर पाटी लागली. बिस्किटाच्या डब्याचं झाकण सरळ करून त्यावर काळ्या रंगानं लिहिलेलं: पेटी चहात बुडवू नये. बुडवणाऱ्यास पेटी मिळणार नाही.

माझ्या धंद्यावर कुणी पाटी लावायची आणि मी बघत बसायचं? मी पेंटरला बोलावलं आणि त्याच्या पाटीच्या बरोब्बर समोर, तिच्या दुप्पट मोठी लावली: आमच्या चहात काहीही बुडवा.

तिथनं बोलणं बंद. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्यानं माझा चहा सोडला. भट्टीच्या तोंडाशी पावाच्या साच्यात स्वतःच उकळून प्यायचा. तो धुराचा चहा पिताना त्याचं तोंड वाकडं व्हायचं ते मला इकडनं दिसायचं. मी दुसऱ्या बेकरीची खारी ठेवायला लागलो. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायची, पण मी खाल्ली आणि गिऱ्हाइकांनाही खायला लावली. माघार घ्यायची मला सवय नाही. त्यालाही नव्हती.

त्याच वर्षी त्याचा मुलगा पुण्याहून बेकरीचा कोर्स करून परत आला. पोरगा चांगला होता, उगीच नावं ठेवणार नाही. त्याला भट्टी पाडून विजेचा ओव्हन बसवायचा होता. पुढं काच, काचेत क्रीमचे केक. लाकडाचा धूर शेजाऱ्यांना नको झाला होता आणि बापाची छाती रात्रभर खोकत होती, हे तो रोज बघत होता. एका दुपारी दोघांचं वाजलं. रस्त्यापलीकडं मला शब्दन् शब्द ऐकू येत होता, आणि मी कान बंद करून बसणारा नाही.

"अब्बा, पाव काय, खारी काय, ओव्हनात बी हुतंय."

"पेटी हुत न्हाय. पेटीला खालनं दगडाची धग लागती."

"पेटी खातंय कोण? रोज निम्मा ट्रे कोंबड्यास्नी जातोय."

उस्तादनं भट्टीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "दिवाळीच्या रांगंला इचारू."

"त्या बायकांस्नी? अब्बा, त्या तुमच्या नानकटाईला बी तोंडावर नावं ठेवत्यात!"

"म्हूनच त्यास्नी इचारू. एक ट्रे पेटी त्यास्नी खायाला घालायची. एक तुकडा उरला, तर दिवाळी झाल्यावर भट्टी पाड. कुदळ मी हातात देतो."

"आन न्हाय उरला तर?"

"तर लाकडं तू भरायची."

पोरगा म्हणाला, "चालंल."

ही रांग काय होती ते आजच्या पोरांना सांगायला पाहिजे. दिवाळीच्या आधी घरोघरच्या बायका मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीवर यायच्या आणि आपल्या मालाची बिस्किटं समोर भाजून घ्यायच्या. उजाडायच्या आधीपासून नंबर. प्रत्येकीचा डोळा आपल्या डब्यावर. "माझं तूप गावठी हाय, तिच्या डालड्यात घालशीला," हे दर पाच मिनिटाला. त्या रांगेपुढं भलेभले बेकरीवाले रडकुंडीला आलेले मी बघितलेत. आणि ती रांग भट्टीची वाट बघताना प्यायची तो चहा माझा.

त्या दिवाळीला उस्तादनं आधीच निरोप फिरवला होता: येताना प्रत्येकीनं घरातलं एक-दोन फळ आणायचं. बायका आल्या. कुणी पेरू, कुणी पपई, कुणी चिकू. सगळं एका वेताच्या पाटीत टाकायला सांगितलं. एक म्हातारी मावशी बाजार करून तशीच रांगेत आलेली. तिनं पिशवी पाटीत पालथी केली आणि डब्यावर बसून राहिली.

उस्ताद खुशीत चिरत होता. पाटीत त्याला छोटी, हिरवी-पिवळी, गोल फळं सापडली. त्यानं ती कधी बघितली नव्हती. "हे नवीन दिसतंय," म्हणाला आणि ती पण बारीक चिरून, गूळ-सुंठ लावून सगळ्यात मिसळली.

ती कारीटं होती. दिवाळीला पहाटे अंघोळ झाली की दारात आपण डाव्या पायानं फोडतो, ती. जहरासारखी कडू. आता तुम्ही म्हणाल, जन्म कोल्हापुरात गेला आणि ह्याला कारीट माहीत नाही? दिवाळीच्या सगळ्या पहाटा त्यानं भट्टीच्या तोंडाशी काढलेल्या. दुसऱ्याच्या दारात काय फुटतं ते तो कधी बघणार?

सवयीप्रमाणं त्यानं चव घेतली. मग पळत मोरीवर गेला. थुंकण्याचा आवाज रस्त्यापलीकडं आला.

"ह्यात काय घातलं कुणी?"

बायका पाटीभोवती जमल्या. एकीनं साल उचलून बघितली आणि हसत सुटली. "अवो चाचा, कारीट चिरलासा की!"

"मावशी, हे तुमी आणलं?"

मावशी अजिबात दबली नाही. "फळ आणा म्हणालासा. आणलो. मला काय माहीत, तुमी पायाखालचं ताटात घालतासा म्हून!"

सगळी रांग हसली. उस्ताद हसला नाही. अख्खी पाटी वाया गेली होती. भट्टी तापून तयार, बायकांचे डबे तयार, आणि पेटीत भरायला काही नाही. पोरगा हळूच म्हणाला, "अब्बा, ऱ्हाऊ द्या. आज बिस्किटं करू."

उस्तादनं कानटोपी नीट केली. उजवा हात भट्टीत घालून बघितला. मग रांगेकडं वळून म्हणाला, "आज ह्या भट्टीत पयली पेटी जाणार. त्याबिगार कुणाचं बिस्कीट आत जाणार न्हाय."

"आन फळ?"

"फळ मी आणतो."

सगळी भट्टी, सगळी रांग सोडून हा माणूस कानटोपीसकट पायी बाजाराला निघाला. दहा पावलं गेला असेल नसेल, त्याला खोकला लागला आणि तो भिंतीला धरून उभा राहिला. मला ते बघवलं नाही. दया आली असं कुणी समजू नये. समोरचा गडी असा वाटेत बसला तर मी भांडायचं कुणाशी?

मी स्टोव्ह बंद केला. संपाला, बंदला, कशालाही मी तो बंद केला नव्हता. रस्ता ओलांडला आणि विचारलं, "किती पेरू पायजेत?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. पाटी लागल्यापासनं पहिल्यांदा.

"मावतील तेवढं."

सायकल काढली. मार्केटात हातकणंगल्याकडचा एक ओळखीचा माळी पेरू घेऊन बसायचा, त्याच्या दोन पाट्या तशाच उचलल्या, एक कॅरियरवर, एक हँडलला. परत आलो तेव्हा माझ्या पायात गोळे आले होते. बायका वैतागून डब्यांवर बसलेल्या. "मी कवाधरनं बसलोय हितं," असं जी ती म्हणत होती. कारीटवाली मावशीच आधी उठली.

"बसलाईसा काय नुसत्या? चिरू लागा. ह्येची पेटी झाल्याबिगार आपलं बिस्कीट हुत न्हाय."

शेजारपाजारच्या विळ्या आल्या. रस्त्याकडेला बसून सगळ्या रांगेनं पेरू चिरले. चिरताना एकमेकीला नावं ठेवली, फोडी जाड केल्यास, बिया ठेवल्यास. मी माझ्या हॉटेलातला गूळ आणि आलं दिलं, कारण त्याची सुंठ कारीटात गेली होती. त्यानं आलं हुंगलं आणि वापरलं.

ट्रे आत गेला, बाहेर आला. आणि वर कहर म्हणजे उस्तादनं त्याही दिवशी पेट्या गप ठेवल्या. "आत फळ हलायलंय." एवढ्या खवळलेल्या बायकांपुढं हाताची घडी घालून उभा! मी मनात म्हटलं, हा आज मार खाणार.

मग त्यानं हात बाजूला केले.

"चहा कुठाय?" एकीनं विचारलं.

मी बाकड्यावर पाय चोळत पडलो होतो. "स्टोव्ह गार हाय," म्हटलं. पेटवायला अंगात त्राण नव्हतं, एवढंच. तर मी मुद्दाम पेटवला नाही असं उस्ताद शेवटपर्यंत समजत राहिला, आणि त्याचा गैरसमज दूर करायला मी काही त्याचा नोकर नव्हतो.

चहा नाही म्हटल्यावर बुडवणार कशात? बायकांनी कोरडीच खाल्ली. पहिला घास गेला आणि रस्ता शांत झाला. एसटी गेली तेवढाच आवाज. मी चिरल्याली फोड आली का, तू चिरल्याली आली का, हे बघत बघत जी ती खात होती. मावशी डोळे बारीक करून चावत होती. सगळी रांग तिच्याकडं बघायला लागली. पोरगा बघत होता, उस्ताद बघत होता.

"गूळ जरा कमी हाय," मावशी म्हणाली. आणि ट्रेमधला शेवटचा तुकडा उचलला.

पोरगा पुढं आला. ट्रे उचलला, उलटा केला, खाली एकदा ठोकला. काही पडलं नाही. कोपऱ्यातला चुरा पण कुणीतरी बोटानं टिपून नेला होता. त्यानं ट्रे भिंतीला लावला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि लाकडं आणायला मागं गेला.

उस्ताद ओरडला, "आता कुणाचा नंबर हाय? डबा आणा!"

तिथनं पुढं दिवाळीची पहिली भट्टी पेटीची, हा रिवाज पडला. बायका आपणहून पेरू आणायच्या आणि उस्ताद प्रत्येकीची पिशवी स्वतः तपासायचा. कारीट त्याला आता अंधारात ओळखू यायचं. बाकी दिवसांतही ट्रे संपायला लागला. आमचं बोलणं सुरू झालं, म्हणजे भांडण सुरू झालं. पाट्या कुणीच काढल्या नाहीत. काढायच्या कशासाठी?

पुढं काही वर्षांनी छातीनं त्याला घरी बसवलं. भट्टी पोरगा बघायला लागला. त्यानं काच लावली, क्रीमचे केक ठेवले, आणि मागं भट्टी ठेवली. शब्दाचा पक्का निघाला, बापासारखा.

एका सकाळी उस्ताद काठी टेकत माझ्या बाकड्यावर येऊन बसला. कागदात दोन पेट्या. झाकणावर तीन रेघा, पेरू.

"चहा दे."

दिला. त्यानं एक पेटी माझ्यापुढं सरकवली.

"बुडव."

"का?"

"मी म्हणतोय म्हून. लई वरसं तुला बुडवायची हुती न्हवं? बुडव आज."

मी त्याच्याकडं बघितलं. गालफडं बसलेली. दात नव्हते. त्यानं स्वतःची पेटी उचलली, उलटी केली, झाकण खाली करून चहात धरली आणि अलगद वर काढली. झाकण सुटलं नाही, फळाचा एक कण सांडला नाही. म्हणजे गड्याला सवय होती!

"असं बुडवायचं," म्हणाला, आणि मऊ झालेला घास तोंडात घोळवत बसला.

मी माझी पेटी उचलली आणि कोरडी खाल्ली. सगळी.

"आरं बुडव की!"

"न्हाय बुडवत. पाटी माझी हाय. 'काहीही बुडवा' लिहिलंय. बुडवाच म्हून न्हाय लिहिल्यालं."

तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. "लई आडमुठं हाईस रं तू," म्हणाला. त्यानंतर तो रस्त्याच्या ह्या अंगाला आला नाही.

दोन्ही पाट्या अजून आहेत. त्याच्या पाटीचा रंग पोरगा दर दिवाळीला नवा करतो. माझ्या बाकड्यावर माणसं पेटी बुडवतात, मी कुणाला अडवत नाही. मी मात्र माझ्या पाटीखाली बसून कोरडीच खातो. चहा शेजारी असतो, गार होईपर्यंत.